कचरा डेपो आणि कार्बनचा हिशोब: खान्देशातल्या नगरपालिकांनी आणि ठेकेदारांनी काय काय करायचं

नगरपालिकेत घनकचऱ्याचं काम बघणारे आरोग्य निरीक्षक, डेपो चालवणारे ठेकेदार आणि डीपीआर (प्रकल्पाचा सविस्तर अहवाल) बनवणारी पोरं, या तिघांसाठी हे लिहितोय. कार्बन क्रेडिटचा (टाळलेल्या उत्सर्जनाच्या टनामागे मिळणारं, विकता येणारं प्रमाणपत्र) विषय आता जळगाव, धुळे, नंदुरबारच्या मीटिंगांमध्ये पण निघायला लागलाय, पण बहुतेक ठिकाणी बोलणं "पैसे किती मिळतील" इथून सुरू होतं आणि तिथंच संपतं. माझं म्हणणं एकच आहे. पैसे मिळणार असोत नाहीतर उद्या भरावे लागणार असोत, दोन्हीचा हिशोब डेपोच्या गेटवरच्या वजनकाट्यापासून सुरू होतो, आणि काटा आज बंद असेल तर पुढचं सगळं हवेत आहे.

आधी मूळ मुद्दा. ओला कचरा ढिगात दाबला गेला, हवा मिळाली नाही, की तो गोबर गॅससारखा कुजतो आणि मिथेन निघतो. लँडफिलच्या, म्हणजे कचरा पुरायच्या जागेच्या, गॅसमध्ये साधारण निम्मा मिथेन आणि निम्मा कार्बन डायऑक्साईड असतो. हिशोबात फक्त मिथेन धरतात, कारण अन्न, पालापाचोळा यातून निघालेला कार्बन डायऑक्साईड झाडांनी हवेतूनच घेतलेला असतो. मिथेन मात्र १०० वर्षांच्या हिशोबाने कार्बन डायऑक्साईडच्या २८ पट तापवतो, म्हणून १ टन मिथेन म्हणजे २८ टन कार्बन डायऑक्साईड धरायचे, आणि पुढे नुसते टन लिहिले तर ते याच हिशोबातले. आणि प्लास्टिक, माती, विटांचे तुकडे यांच्यातून मिथेन निघत नाही, हे डोक्यात पक्कं ठेवा, पुढे कामाला येतं.

बंधन नक्की कुठे आहे

एमिशन ट्रेडिंग म्हणजे सरकार उत्सर्जनाला हद्द घालतं, प्रत्येक टनामागे एक युनिट जमा करायला लावतं आणि युनिटांची खरेदी-विक्री होऊ देतं. जगात अशा योजना बऱ्याच आहेत, पण कचरा डेपोला थेट त्यात बसवणारे देश मोजकेच. सगळ्यात स्पष्ट उदाहरण न्यूझीलंडचं, तिथे लँडफिल चालवणाऱ्यांना २०१२ पासून रिपोर्टिंग आणि २०१३ पासून युनिटं जमा करणं सक्तीचं झालं. दक्षिण कोरियाच्या २०१५ला सुरू झालेल्या योजनेत कचरा क्षेत्र आहे. ऑस्ट्रेलियात २०१२ ते २०१४ अशी दोन वर्षं मोठ्या लँडफिलना कार्बनची किंमत भरावी लागत होती, वर्षाला २५,००० टनांच्या वर उत्सर्जन असेल तर, आणि तेव्हा आधीपासून पडून असलेला जुना कचरा त्यातून वगळला होता. युरोपच्या योजनेत लँडफिल अजून नाही, तिथे आधी कचरा जाळणाऱ्या प्लांटांचं रिपोर्टिंग २०२४ पासून सुरू केलंय. कॅलिफोर्नियाने लँडफिलला ट्रेडिंगमध्ये घेतलंच नाही, त्यासाठी मिथेनचा वेगळा कायदा केला.

आता आपलं. भारतात कार्बन क्रेडिट ट्रेडिंग स्कीम, म्हणजे सीसीटीएस, २८ जून २०२३ला अधिसूचित झाली. त्यात दोन रस्ते आहेत. एक सक्तीचा, त्यात सिमेंट, ॲल्युमिनियम, क्लोर-अल्कली, कागद असे कारखाने येतात, त्यांना उत्पादनाच्या टनामागे किती उत्सर्जन चालेल याचं लक्ष्य दिलेलं असतं. दुसरा ऐच्छिक, म्हणजे स्वतःहून उत्सर्जन कमी करून क्रेडिट मागायचं, त्याला ऑफसेट म्हणतात, तो डिसेंबर २०२३च्या दुरुस्तीने आला आणि कचरा व्यवस्थापन या दुसऱ्या रस्त्यात बसतं. म्हणजे आज जळगाव किंवा धुळ्याच्या डेपोवर कार्बनची युनिटं जमा करायची सक्ती नाहीये. पण ऑफसेटचं क्रेडिट मागायचं तर जवळपास तीच कागदपत्रं, तीच मोजणी आणि तीच बाहेरची तपासणी लागते जी न्यूझीलंडच्या डेपोवाल्याला सक्तीने करावी लागते. म्हणून तिकडची पद्धत समजून घ्या, इकडची तयारी आपोआप होते.

पहिलं काम: ऑपरेटर कोण ते कागदावर ठरवा

हे सगळ्यात जास्त राहून जातं. जागा नगरपालिकेची, घंटागाड्यांचा ठेका एकाकडे, डेपोवर पोकलेन आणि बायोमायनिंगचा (जुना ढीग उकरून, चाळून वेगळा करायचा) ठेका दुसऱ्याकडे, कंपोस्ट तिसऱ्याकडे. मग उत्सर्जनाची जबाबदारी कुणाची आणि क्रेडिट आलं तर कुणाचं? न्यूझीलंडमध्ये उत्तर सरळ आहे, जो डिस्पोजल फॅसिलिटी चालवतो तो जबाबदार, काम सुरू केल्यापासून २० कामकाजाच्या दिवसांत त्याने नोंदणीसाठी कळवायचं. आपल्याकडे हे टेंडरमध्येच लिहायला हवं. तीन ओळी पुरतात: कार्बन क्रेडिटचा हक्क कुणाचा, मोजणीचा आणि तपासणीचा खर्च कुणाचा, आणि ठेका संपला तरी सगळा डेटा पालिकेला मूळ फाईलसकट परत द्यायचा. तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची. ठेकेदार बदलला की काट्याचं सॉफ्टवेअर, कॉम्प्युटर, रजिस्टर सगळं त्याच्यासोबत जातं आणि नवीन माणूस शून्यापासून सुरू करतो, असं झालं तर मागची पाच वर्षं गेली म्हणून समजा.

दुसरं काम: वजनकाटा

प्रत्येक गाडी आत येताना भरलेली आणि बाहेर जाताना रिकामी, दोन्ही वजनं. "या गाडीत साधारण पावणेदोन टन बसतो" असा अंदाज चालत नाही, पावसाळ्यात त्याच गाडीत भिजलेला कचरा कितीतरी जड भरतो. काट्याचं वैधमापन विभागाकडून मुद्रांकन वेळच्या वेळी करून घ्या आणि प्रमाणपत्राची कॉपी फाईलला लावा, तपासणीवाला सगळ्यात आधी तेच मागतो.

आणखी एक बारीक गोष्ट. काट्यावरची पावती बहुतेक ठिकाणी थर्मल कागदावर निघते, ती गेटवरच्या खोलीत खिळ्याला अडकवून ठेवतात. जळगाव-भुसावळचा मे महिना ४५ अंशांपर्यंत जातो, पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त, अन् त्या पावत्या आधी करड्या होतात आणि मग अक्षरं पुसट होत होत कोरी होतात. हातात गठ्ठा असतो पण वाचता एक येत नाही. म्हणून रोज संध्याकाळी सॉफ्टवेअरची फाईल दुसऱ्या ठिकाणी सेव्ह करा, आणि जोडीला जाड बांधणीच्या रजिस्टरमध्ये शाईच्या पेनाने गाडी नंबर, प्रभाग, वेळ, भरलेलं वजन, रिकामं वजन, कचऱ्याचा प्रकार आणि मुकादमाची सही. लाईट गेली तर त्या वेळेतल्या गाड्यांची वेगळी नोंद, का वजन झालं नाही ते कारणासकट. मोकळी जागा सोडलेली दिसली की शंका येते, कारण लिहिलेलं असलं की येत नाही.

येणाऱ्या वजनाइतकंच बाहेर जाणारं वजन पण लिहा. डेपोवर ५० टन आला, त्यातला १५ टन कंपोस्टला गेला, ५ टन भंगारवाल्याकडे, ४ टन आरडीएफ (कचऱ्यातून वेगळं काढलेलं जळाऊ इंधन) बाहेर गेला, तर ढिगावर पडला २६ टन. कार्बनचा हिशोब या २६ टनांचा आहे. बाहेर जाणारं मोजलंच नाही तर ५०चा हिशोब तुमच्या गळ्यात पडतो.

तिसरं काम: कचऱ्यात काय काय आहे ते तपासा

कुठलंही गणित कचऱ्याच्या मिश्रणावर चालतं. आंतरराष्ट्रीय गणनेत, म्हणजे आयपीसीसी या हवामान बदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या २००६च्या मार्गदर्शक तत्त्वांत, ओल्या वजनाच्या हिशोबाने कुजणारा कार्बन असा धरलाय: अन्नाचा कचरा ०.१५, बागेचा पालापाचोळा ०.२०, कापड ०.२४, कागद ०.४०, लाकूड ०.४३. म्हणजे टनाला टन लावला तर कागद-पुठ्ठा अन्नापेक्षा जास्त मिथेन देऊ शकतो, फक्त सावकाश. पुठ्ठा भंगारात गेला पाहिजे त्याचं हे पण एक कारण.

नमुना घ्यायची पद्धत अवघड नाही. वेगवेगळ्या प्रभागांच्या गाड्या निवडा, म्हणजे एक बाजारपेठ, एक जुनं गाव, एक कॉलनी, एक झोपडपट्टी. खाली ताडपत्री अंथरायची, त्यावर गाडीतला कचरा ओतून फावड्याने नीट उलटापालट करायचा, गोल ढीग करून चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन भाग बाजूला टाकायचे, उरलेले दोन पुन्हा मिसळायचे. असं करत करत साधारण १०० किलोवर आणायचं आणि मग हाताने वेगळं करून प्रत्येक प्रकार वजन करायचा. हातमोजे, मास्क, गमबूट लागतातच, या कामात बसणाऱ्या बाया-माणसांच्या हाताला सुई किंवा काच लागली तर त्यांचं आयुष्यभराचं नुकसान होतं, त्याला कुठलंच क्रेडिट पुरत नाही. प्रत्येक वेळी ताडपत्रीवरच्या ढिगाचा फोटो काढा, तारीख आणि लोकेशन दिसेल असा.

वर्षातून एकदाच नमुना घेतला तर चुकीचं चित्र येतं. आखाजीच्या आसपास आंब्याच्या साली आणि कोयींनी गाड्या जड होतात, लग्नसराईत मंगल कार्यालयांचं उष्टं, श्रावण-भाद्रपदात निर्माल्य, दिवाळीत पुठ्ठा आणि कागद. रावेर, यावल, चोपडा पट्ट्यात केळीची पानं, दांडे, खांबाचे तुकडे पण पालिकेच्या गाडीत येतात, त्यात पाणीच जास्त असतं, वजन फुगतं. कमीत कमी उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असे तीन नमुने घ्या. आणि केळीचा माल तर डेपोवर येऊच देऊ नका, त्याचं खत शेतातच होतं, तो आपल्या ढिगावर कुजवून मिथेन कशाला काढायचा.

चौथं काम: गणित

आकडे बघून घाबरू नका, एक्सेलच्या एका शीटमध्ये बसतं. एक टन अन्नाचा कचरा घ्या. कुजणारा कार्बन ०.१५, त्यातला प्रत्यक्ष कुजतो निम्मा म्हणून ०.५, गॅसमध्ये मिथेन निम्मा म्हणून ०.५, कार्बनचं मिथेनमध्ये वजन करायला १६ भागिले १२, असा गुणाकार केला की ०.०५ टन मिथेन येतो. आता याला डेपोच्या प्रकाराने गुणायचं. नीट दाबून, मातीचा थर देऊन चालवलेली लँडफिल असेल तर १.०. बिनव्यवस्थेचा पण ५ मीटरपेक्षा खोल ढीग असेल तर ०.८. बिनव्यवस्थेचा आणि उथळ असेल तर ०.४. समजा आपला ढीग खोल आहे, तर ०.०४ टन मिथेन, गुणिले २८, म्हणजे १.१२ टन. एक टन उष्टं-खरकटं डेपोत टाकलं की कार्बनच्या वहीत साधारण १.१ टनाची नोंद झाली.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या, कारण यावर मीटिंगमध्ये फार गैरसमज असतो. शास्त्रोक्त लँडफिल बांधली म्हणजे मिथेन कमी झाला असं नाही. उलट चांगलं दाबलं, वर माती टाकली की हवा पूर्ण बंद होते आणि मिथेन जास्त बनतो, म्हणूनच तो आकडा ०.८ वरून १.० होतो. तळाला लायनर टाकल्याने लीचेट (कचऱ्यातून झिरपणारं घाण पाणी) अडतं, विहिरींचं पाणी वाचतं, त्यासाठी लँडफिल हवीच. पण गॅस गोळा करायची पाईपलाईन नसेल आणि ओला कचरा तसाच जात असेल तर कार्बनच्या हिशोबात तुम्ही मागे गेलात.

आता वेळ. हा मिथेन एका वर्षात निघत नाही. २० अंशांपेक्षा जास्त सरासरी तापमान आणि १००० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस असलेल्या भागासाठी अन्नाच्या कचऱ्याचा कुजण्याचा वेग वर्षाला ०.०८५ धरतात. जळगाव आणि धुळे यात बसतात. सातपुड्यात धडगाव-अक्कलकुवाकडे पाऊस जास्त पडतो, तिथे आपापल्या पर्जन्यमापकाची नोंद बघून ठरवा, कारण ओल्या हवामानाला तोच आकडा एकदम ०.४ होतो. ०.०८५ म्हणजे निम्मा कचरा कुजायला साधारण आठ वर्षं लागतात.

एक समजूतीचं उदाहरण घेऊ. एखाद्या गावाचा रोज २० टन कचरा डेपोत पडतो, त्यात निम्मं अन्न. वर्षाचा झाला ७,३०० टन, अन्न ३,६५० टन. त्यातून आयुष्यभरात १४६ टन मिथेन निघणार, म्हणजे ४,०८८ टन कार्बन डायऑक्साईडच्या बरोबरीचा. कुजायला लागल्यावर पहिल्या वर्षी त्यातला ८ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ३३३ टनांएवढा, आणि दहा वर्षांत ५७ टक्के. या वर्षीचा, मागच्या वर्षीचा, त्याच्या मागचा असे सगळे थर एकावर एक चढत जातात. म्हणून मागच्या २०-२५ वर्षांचा कचरा किती पडला हे पण विचारतात. जुनं रजिस्टर नसेल तर लोकसंख्या, जुनी अंदाजपत्रकं, गाड्यांच्या खेपांची बिलं यावरून अंदाज बांधावा लागतो आणि प्रत्येक अंदाजाचं कारण लिहावं लागतं.

न्यूझीलंडने इथे सोपा मार्ग काढलाय. तिथे प्रत्यक्ष यावर्षी किती गॅस निघाला ते विचारत नाहीत, यावर्षी जितका टन टाकला त्याला एका ठरावीक आकड्याने गुणतात आणि त्याचं पुढच्या आयुष्याचं सगळं उत्सर्जन त्याच वर्षी भरून घेतात. काही वर्षं तो आकडा टनामागे १.१९ टन होता, नंतर बदलत गेला. म्हणजे जुना ढीग माफ, पण नवीन प्रत्येक टनाची किंमत गेटवरच ठरली. मला ही पद्धत जास्त प्रामाणिक वाटते, कारण गेटवर कचरा कमी केला की लगेच फायदा दिसतो, आणि आजच्या माणसाला काल टाकणाऱ्याचा भुर्दंड बसत नाही.

पाचवं काम: स्वतःचा आकडा सिद्ध करणं

ठरावीक आकडा सगळ्यांना सारखा. पण तुमच्या कचऱ्यात अन्न कमी असेल किंवा तुम्ही गॅस पकडून जाळत असाल तर न्यूझीलंडमध्ये युनिक एमिशन फॅक्टर, म्हणजे तुमच्या डेपोपुरता वेगळा आकडा मागता येतो. त्यासाठी मान्यताप्राप्त तपासणीस लागतो आणि सगळी मोजणी दाखवावी लागते. आपल्या ऑफसेटमध्ये पण खरा खेळ हाच, तुम्ही नसता तर काय झालं असतं आणि तुम्ही असताना काय झालं, यातला फरक सिद्ध करणं.

गॅस पकडायचा म्हणजे ढिगात विहिरी खणून छिद्राचे पाईप टाकायचे, ब्लोअरने ओढायचं, पाणी वेगळं करायचं आणि फ्लेअरमध्ये जाळायचं किंवा इंजिनला द्यायचं. मोजायच्या गोष्टी: गॅसचा प्रवाह, मिथेनची टक्केवारी, तापमान, दाब, फ्लेअर चालू होती का. उघडी फ्लेअर असेल तर सीडीएमच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या कार्बन क्रेडिट योजनेच्या, जुन्या पद्धतीत फक्त ५० टक्के मिथेन जळाला असं धरायचे, बंदिस्त फ्लेअरला ९० टक्के. फ्लेअर स्वस्तातली घेतली तर क्रेडिट निम्म्यावर आलं, हे खरेदीच्या वेळीच बघा.

तापमानाचा मुद्दा आपल्याकडे फार महत्त्वाचा. मिथेनचं वजन ०.७१६ किलो घनमीटरला असतं ते ० अंशाला. आपल्याकडे उन्हाळ्यात पाईपातला गॅस ४५ अंशांवर असला तर तो फुगलेला असतो, मीटर घनमीटर जास्त दाखवतं, पण वजन तेवढं नसतं. दुरुस्ती न करता गुणाकार केला तर साधारण १६ टक्के मिथेन उगाच जास्त दिसतो. तपासणीत हे सापडतंच आणि मग अख्ख्या वर्षाचा डेटा संशयात येतो. मीटर स्वतः दुरुस्ती करून दाखवतं की नाही ते कंपनीकडून लेखी घ्या.

ब्लोअर फार जोरात ओढला तर वरून हवा आत शिरते, विहिरीत ऑक्सिजन वाढतो, मिथेन मरतो आणि ढीग आतून पेटू शकतो. हवेत मिथेन ५ ते १५ टक्के असला की स्फोटक असतो. २०१६च्या घनकचरा नियमांत डेपोच्या जागेवर मिथेन या खालच्या स्फोटक मर्यादेच्या २५ टक्क्यांपेक्षा जास्त नको असं होतं, म्हणजे हवेत सव्वा टक्का. काट्याची खोली, पंप हाऊस, कामगारांची विश्रांतीची खोली इथे गॅस साठू शकतो, तिथे हातातला डिटेक्टर रोज फिरवा. हा मुद्दा कार्बनच्या आधी माणसांचा आहे.

आणि आगी. एप्रिल-मेमध्ये ढीग पेटतो, आजूबाजूच्या वस्तीत रात्रभर धूर राहतो, दम्याच्या पेशंटचे हाल होतात. कार्बनच्या वहीत प्रत्येक आगीची तारीख, किती भाग जळला, कशी विझवली, सगळं लिहायचं. जळलेला कचरा पुन्हा मिथेन देणार नाही, त्यामुळे तो हिशोबातून काढावा लागतो. लपवलेली आग बातम्यांतून किंवा उपग्रहाच्या चित्रातून समोर येते आणि मग बाकीच्या आकड्यांवर पण कुणी विश्वास ठेवत नाही.

छोट्या नगरपालिकांना माझं स्पष्ट मत सांगतो. अमळनेर, पारोळा, शहादा, शिरपूर एवढ्या गावांनी गॅस विहिरींच्या मागे लागू नये. कोरड्या हवामानात, उथळ ढिगात गॅस तेवढा मिळत नाही आणि मोजणीचा खर्च तोच राहतो. त्यापेक्षा ओला कचरा ढिगावर जाऊच देऊ नका. कंपोस्टमध्ये एका टनाला मिथेन साधारण ४ किलो धरतात, म्हणजे ११२ किलोच्या बरोबरीचा, वर थोडा नायट्रस ऑक्साईड. डेपोत टाकला असता तर १,१२० किलो. फरक डोळ्यासमोर आहे. आग्रा रोडने वर गेलं की इंदूर लागतं, तिथे रोज ५५० टन ओल्या कचऱ्याचा बायो-सीएनजी प्लांट फेब्रुवारी २०२२ला सुरू झाला. तो चालतो कारण घरातून ओला कचरा वेगळा निघतो. प्लांट बघायला जाणाऱ्यांनी आधी तिथली घंटागाडी बघावी.

सहावं काम: वर्षाचं चक्र

न्यूझीलंडचं वेळापत्रक असं. कॅलेंडर वर्ष संपलं की ३१ मार्चपर्यंत उत्सर्जनाचं रिटर्न भरायचं, ३१ मेपर्यंत तेवढी युनिटं सरकारजमा करायची. युनिटं जमा केली नाहीत तर ती भरावी तर लागतातच, शिवाय बाजारभावाच्या तिप्पट दंड. कागदपत्रं ७ वर्षं जपायची. आणि टनामागे कचरा-लेव्ही वेगळी, ती जुलै २०२४ ते जून २०२५ या वर्षात घरगुती कचऱ्याच्या लँडफिलला ६० न्यूझीलंड डॉलर होती, तिचा कार्बनशी संबंध नाही. युनिटचा भाव २०१३मध्ये दोन-तीन डॉलरवर पडला होता, २०२२च्या शेवटी ८० डॉलरच्या वर गेला आणि २०२३च्या मध्यात ४०च्या खाली आला. म्हणून तिथले ऑपरेटर गेट फी ठरवतानाच कार्बनचा भाग वेगळा धरतात. आपल्या डीपीआरमध्ये क्रेडिटचा भाव २० वर्षं एकच धरलेला दिसला तर तो डीपीआर परत पाठवा.

आपल्याकडे २०१६च्या नियमांप्रमाणे डेपो चालवणाऱ्याने ३० एप्रिलपर्यंत नमुना ३मध्ये पालिकेला अहवाल द्यायचा आणि पालिकेने ३० जूनपर्यंत नमुना ४मध्ये पुढे पाठवायचा, असं होतं. १ एप्रिल २०२६ पासून नवे घनकचरा नियम लागू झालेत, त्यात चार प्रकारचं वर्गीकरण आहे आणि न वर्गीकरण केलेला कचरा लँडफिलला पाठवला तर पालिकेला जास्त शुल्क, तेव्हा तारखा आणि नमुने नव्या नियमांतून बघून घ्या. माझा सल्ला एवढाच की या अहवालातला टनांचा आकडा आणि कार्बनच्या फाईलमधला आकडा एकच असू द्या. एकीकडे "१०० टक्के प्रक्रिया" आणि दुसरीकडे "रोज २० टन ढिगावर" असं लिहिलं तर दोन्ही खोटे ठरतात.

सातवं काम: क्रेडिट मागायचं असेल तर

सीसीटीएसचं प्रशासन बीईई, म्हणजे ऊर्जा दक्षता ब्युरो बघतो, रजिस्ट्री ग्रिड कंट्रोलर ऑफ इंडियाकडे आहे, बाजारावर देखरेख केंद्रीय वीज नियामक आयोगाची, व्यवहार पॉवर एक्सचेंजवर. एक प्रमाणपत्र म्हणजे एक टन. बीईईने मंजूर केलेल्या ऑफसेट पद्धतींमध्ये लँडफिल गॅस आहे. प्रकल्पाचं कागदपत्र बनवायचं, मान्यताप्राप्त संस्थेकडून आधी तपासून घ्यायचं, नोंदणी, मग मोजणी, मग पुन्हा तपासणी आणि शेवटी प्रमाणपत्रं.

यात अडकायच्या दोन जागा. पहिली, जे कायद्याने करायलाच हवं त्याचं क्रेडिट सहज मिळत नाही. ओला कचरा लँडफिलला पाठवू नये हे नियमातच आहे, मग तुम्ही तो वेगळा केला यात जादाचं काय, हा प्रश्न येणारच. उत्तर फक्त पुराव्याने देता येतं, म्हणजे आधी प्रत्यक्षात काय चालू होतं, या पैशाशिवाय प्रकल्प का उभा राहिला नसता, हे सगळं काम सुरू व्हायच्या आधीच्या तारखेच्या कागदांवर हवं. मशीन बसवून झाल्यावर सल्लागार शोधायला निघालात तर उशीर झाला. मुंबईचं गोराई डम्पिंग ग्राऊंड शास्त्रोक्त बंद करताना कार्बन क्रेडिटचा हिशोब सुरुवातीपासून प्रकल्पात धरलेला होता, तो क्रम बघण्यासारखा आहे.

दुसरी जागा, एकाच घटीचा दोघांनी दावा करणं. बायोमायनिंगमधला आरडीएफ सिमेंट कारखान्याला जातो, तिथे तो कोळशाऐवजी जळतो आणि तो कारखाना स्वतः सक्तीच्या यादीत असू शकतो, तो आपली घट तिथे दाखवणार. कोळसा वाचल्याचा हिशोब त्याचा, ढिगातला मिथेन टळल्याचा हिशोब तुमचा, आणि करारात हे असंच वेगवेगळं लिहिलेलं पाहिजे.

डेपो बंद केल्यावर

बायोमायनिंग करून किंवा माती टाकून डेपो बंद केला की फाईल पण बंद करतात, इथे मोठी गडबड होते. २०१६च्या नियमांत बंद केलेल्या लँडफिलची कमीत कमी १५ वर्षं देखभाल सांगितली होती, त्यात वरचं आवरण, लीचेट, भूजलाचे नमुने आणि गॅस सगळं यायचं. वर दाखवलेल्या गणितात दहा वर्षांनी पण ४३ टक्के मिथेन निघायचा बाकी असतो. तेव्हा बंद डेपोवर बाग करायची असेल तर गॅसचे पाईप आधी, झाडं नंतर, आणि वर बंद खोली बांधायची नाही. काट्याची रजिस्टरं, नमुन्यांचे निकाल, आगींच्या नोंदी यांची एक कॉपी पालिकेच्या रेकॉर्ड रूममध्ये आणि एक स्कॅन करून नगररचना विभागाकडे द्या, कारण त्या जागेवर किंवा शेजारच्या गटात पुढे कुणी बांधकाम परवानगी मागायला आलं तर खाली काय पुरलंय हे सगळ्यात आधी त्यांनाच कळायला हवं.